‘लक्ष ठेवा’ हा सल्ला का पुरत नाही: लहान मुलांच्या दुखापती टाळण्यासाठी पालकांना काय आणि कसे शिकवावे

आपण विचारले आहे की, दर महिन्याला पालकांची बैठक घेऊन, माहितीपत्रके वाटून आणि भाजणे, पडणे, बुडणे, विषबाधा यांवर तासभर बोलूनही घरांमध्ये काहीच बदलत नाही, आणि बैठकीत ज्यांनी मान डोलावली त्यांचीच मुले काही आठवड्यांनी दुखापत होऊन येतात, तर शिकवण्यात नेमके काय चुकते. बालरोगतज्ज्ञ म्हणून २६ वर्षे काम करताना पहिली जवळपास १० वर्षे मीही हीच पद्धत वापरली होती, त्यामुळे आपली अडचण मला अगदी जवळून माहीत आहे. माझ्या मते आपण सांगता ती माहिती चुकीची नाही. पण ती सांगून झाल्यावर आपण पालकांकडे जे मागता, ते कोणालाही देता येण्यासारखे नसते. आपण त्यांच्याकडे अखंड सावधपणा मागता. मागायला हवी ती एखादी ठरावीक कृती, जी एकदा केली की पालक दमलेले, आजारी किंवा दुसऱ्या मुलात गुंतलेले असतानाही तिचा उपयोग होत राहतो.

‘डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा’ हे वाक्य ऐकायला काळजीचे वाटते, पण त्यात करण्यासारखे काहीच नाही. दीड वर्षाचे मूल दिवसातून दहा-बारा तास जागे असते, आणि त्या वेळात स्वयंपाक, आंघोळ, दारावर आलेला माणूस, फोन, धाकट्याचे रडणे हे सगळे चालूच असते. गरम पेयाचा पेला अंगावर ओढून घ्यायला त्या मुलाला दोन-तीन सेकंद पुरतात. ज्या आईवडिलांची मुले भाजून माझ्याकडे आली, त्यांतील बहुतेक जण त्या वेळी त्याच खोलीत होते. लक्ष ठेवण्याचा सल्ला त्यांनी पाळलेला होता आणि तरीही मूल भाजले होते. अशा पालकांना पुन्हा तोच सल्ला दिला, तर ते तो ऐकतात, स्वतःला दोषी मानतात आणि घरी जाऊन पेला त्याच ठिकाणी ठेवतात, कारण तो कुठे ठेवायचा हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी अडचण ‘अपघात’ या शब्दातच आहे. अपघात म्हटले की तो अचानक घडला आणि टाळता येण्यासारखा नव्हता, असे दोन्ही अर्थ मनात येतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकाने २००१ मध्ये याच कारणासाठी आपल्या लेखनात ‘अपघात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द न वापरण्याचे ठरवले होते. रोजच्या बोलण्यातून तो शब्द हद्दपार करावा असा माझा आग्रह नाही, पण पालकांशी बोलताना मी ‘दुखापत’ हाच शब्द वापरतो. दुखापतीला कारण असते, तिचे ठरावीक वय असते, ठरावीक जागा असते आणि बऱ्याचदा ठरावीक वेळही असते. पालथे पडायला लागलेले बाळ पलंगावरून पडते, रांगणारे बाळ जमिनीवरची वस्तू तोंडात घालते, नुकते चालू लागलेले मूल बादलीत डोकावते, आणि अडीच वर्षांचे मूल खुर्ची सरकवून कपाटापर्यंत पोहोचते. हा क्रम मुलाच्या वाढीचा असल्यामुळे तो आधीच सांगता येतो, आणि जे आधी सांगता येते त्याची तयारीही करता येते.

या विषयाचा आवाका आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगभरात दरवर्षी सुमारे ८ लाख ३० हजार मुले हेतुपुरस्सर नसलेल्या दुखापतींनी दगावत होती, म्हणजे दिवसाला २,००० हून अधिक, आणि त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. वाहतूक, बुडणे, भाजणे, पडणे आणि विषबाधा ही त्यातली पाच मुख्य कारणे. हे आकडे पालकांसमोर मांडण्याचा मात्र मला कधी उपयोग झालेला दिसला नाही. मोठा आकडा ऐकला की माणसाला ती गोष्ट दूरची वाटते. पालकांना आपल्या घरातील एक कोपरा दाखवावा लागतो.

तो कोपरा कसा शोधायचा, याची सर्वांत उपयुक्त रीत मला विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांच्या मांडणीत सापडली. रस्त्यांवरील सुरक्षिततेवर काम करताना त्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत असा विचार मांडला, की दुखापत म्हणजे शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा शरीरापर्यंत पोहोचणे: उष्णता, वेग, वीज, रासायनिक ऊर्जा; किंवा बुडताना होते तसे, प्राणवायू मिळेनासा होणे. मग प्रश्न सोपा होतो. ही ऊर्जा मुलापर्यंत पोहोचण्याआधी कुठे अडवता येईल, पोहोचलीच तर ती कमी कशी करता येईल, आणि पोहोचल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे? गरम पाण्याचे उदाहरण घ्या. ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाच्या त्वचेलाही सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते, तर ४९ अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात. मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांच्या बाबतीत हा वेळ आणखी कमी असतो. पाणी तापवण्याच्या यंत्राची कळ ४९ अंशांवर आणून ठेवली, तर पालकांच्या हातात काही सेकंदांऐवजी काही मिनिटे येतात. जिथे पाणी भांड्यात तापवले जाते, तिथे आंघोळीच्या भांड्यात आधी थंड पाणी ओतायचे आणि मग गरम, हा क्रम पक्का करायचा. नुसते गरम पाणी भांड्यात ओतून थंड आणायला वळणे हा भाजण्याचा एक नेहमीचा प्रसंग आहे. यंत्राची कळ एकदा फिरवायची असते, तर पाणी ओतण्याचा क्रम रोज पाळावा लागतो. दोन्ही शिकवावे, पण पहिले शक्य असेल तिथे आधी पहिलेच शिकवावे.

एकदाच करायची कृती रोज करायच्या कृतीपेक्षा श्रेष्ठ, आणि रोज करायची ठरावीक कृती नुसत्या सावधपणापेक्षा श्रेष्ठ, हा क्रम मी माझ्या मनात कायम ठेवतो. मुलांना सहज न उघडता येणारी औषधांची झाकणे अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर सक्तीची झाली, आणि ॲस्पिरिनच्या विषबाधेने होणारे लहान मुलांचे मृत्यू त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटले. त्या घरांतील आईवडील एकाएकी अधिक सावध झाले होते असे नाही. चाकांच्या वॉकरच्या बाबतीत तर कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली, कारण त्यात बसलेले बाळ काही क्षणांत जिन्यापर्यंत पोहोचते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ते अडवता येत नाही. आपल्या बैठकीतील एखाद्या पालकाने ‘वॉकर वापरताना काय काळजी घ्यावी’ असे विचारले, तर काळजीची यादी देऊ नये. तो वापरू नका, आणि बाळाला जमिनीवर मोकळे खेळू द्या, एवढेच स्पष्ट सांगावे.

लक्ष ठेवणे पूर्णपणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. पाण्याजवळ तर त्याला पर्याय नाही. पण तेही शिकवायचे असेल तर त्याचे घटक वेगळे करून शिकवावे. या विषयातील संशोधक देखरेखीचे तीन भाग मानतात: मुलाकडे किती ध्यान आहे, आपण मुलापासून किती अंतरावर आहोत, आणि ही स्थिती किती सलग टिकते. आई मुलाकडे पाहत आहे पण दहा पावलांवर आहे, किंवा हाताच्या अंतरावर आहे पण नजर फोनवर आहे, या दोन्ही स्थितींत तिला वाटते की आपण लक्ष ठेवले होते. म्हणून पाण्याबद्दल मी एकच मोजमाप सांगतो: पाच वर्षांखालील मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना ते हात लांब केल्यावर हाताला लागले पाहिजे. आणि दोन-चार मोठी माणसे असतील तेव्हा ‘आता मी बघतो’ असे एकाने मोठ्याने म्हणावे आणि दुसऱ्याकडे सोपवतानाही मोठ्यानेच सोपवावे. पुष्कळ माणसे असलेल्या ठिकाणी मूल बुडते, तेव्हा प्रत्येकाला वाटलेले असते की दुसरा कोणीतरी पाहतो आहे.

बुडण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पालकांच्या मनात त्याचे जे चित्र असते ते जवळजवळ पूर्णपणे चुकीचे असते. त्यांना वाटते, मूल ओरडेल, हातपाय मारेल, पाणी उडेल. प्रत्यक्षात श्वास घेण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाला ओरडता येत नाही. लहान मूल बहुतेक वेळा आवाज न करता बुडते, आणि दोन मिनिटांच्या आसपास शुद्ध हरपते. दुसरा गैरसमज खोलीचा. नाक आणि तोंड बुडेल एवढे, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर पाणीही तान्ह्या बाळाला पुरते. चालू लागलेल्या मुलाचे डोके बाकी शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीत वाकलेले मूल तोल जाऊन डोक्यावर उलटते आणि हातांत जोर नसल्याने त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. हे मी पालकांना तोंडी सांगत बसत नाही. एक बादली मध्ये ठेवतो, तिच्यात चार बोटे पाणी ओततो आणि मुलाच्या उंचीची एक मोठी बाहुली तिच्यावर वाकवून दाखवतो. मग विचारतो, ‘आज सकाळी आपल्या घरात अशी भरलेली भांडी किती होती, आणि कुठे होती?’ उत्तरे येऊ लागतात: न्हाणीघरात, मागच्या अंगणात, कपडे भिजवलेले टब. त्यानंतर मागणी एकच: वापर झाला की भांडे रिकामे करून पालथे घालायचे, साठवणीच्या भांड्याला मुलाला उचलता येणार नाही असे झाकण, आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी. पोहण्याचा तलाव असेल तर चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होऊन खिट्टी पडणारे फाटक. घराची भिंत हीच चौथी बाजू मानलेले कुंपण पुरेसे नसते, कारण मूल येते ते घरातूनच.

जिथे पालकांना दिवसभर कामासाठी बाहेर राहावे लागते, तिथे हेही पुरत नाही. बांगलादेशात ग्रामीण भागांतील १ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी गावातच, दिवसाच्या कामाच्या तासांपुरती पाळणाघरे चालवली गेली आणि त्या मुलांमधील बुडण्याचे प्रमाण खूप घटले; जागतिक आरोग्य संघटनाही आता या उपायाची शिफारस करते. त्यामुळे बैठकीत एखादी आई म्हणाली की मूल सकाळी सात वर्षांच्या बहिणीकडे असते, तर तिला दोष देण्याऐवजी चार घरांनी मिळून एका मोठ्या माणसाकडे मुले ठेवण्याची व्यवस्था करता येईल का, यावर बोलावे.

आता शिकवण्याच्या वेळेविषयी. सर्व धोके सर्व पालकांना एकाच दिवशी सांगणे ही आपल्या बैठकीतील सर्वांत मोठी उणीव मला वाटते. तीन महिन्यांच्या बाळाच्या आईला औषधांचे कपाट ऐकायचे नसते. तिचे बाळ पुढच्या महिन्यात पालथे पडणार आहे, आणि तिला पलंगाविषयी ऐकायचे आहे. म्हणून मुलाच्या सध्याच्या वयाचे नव्हे, तर पुढच्या पायरीचे शिक्षण द्यावे. लसीकरणाच्या भेटी यासाठी फार सोयीच्या पडतात, कारण त्या वेळी मूल आणि पालक दोघेही समोर असतात. दोन-तीन महिन्यांच्या बाळासाठी: उंच जागी एकटे ठेवायचे नाही, कपडे बदलताना एक हात बाळावरच, आणि झोपवताना पाठीवर, कडक गादीवर, भोवती उशी किंवा मऊ खेळणी न ठेवता. पाच-सहा महिन्यांच्या बाळाचे पालक समोर असतील, तर रांगणे जवळ आले आहे आणि नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा व बोट यांची चिमटीची पकड येते, म्हणून जमिनीवर काय काय पडलेले असते ते पाहायचे. वर्षाच्या सुमारास जिना, बादली, चूल आणि टेबलावरून लोंबणारे कापड. दीड वर्षानंतर चढणे सुरू होते, आणि तेव्हा ‘उंचावर ठेवा’ हा सल्लाही अपुरा ठरतो. उंचावर आणि कुलूपबंद, असे म्हणावे लागते.

चिमटीच्या पकडीच्या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण घशात वस्तू अडकली तर रुग्णालयात पोहोचायलाही वेळ नसतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाची एक ठरावीक नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची मानली जाते. पालकांना घरी तपासण्यासाठी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीच्या आतली पुठ्ठ्याची नळी द्यावी. ती थोडी रुंद असते, त्यामुळे तिची चाचणी अधिक कडक होते, आणि ते इष्टच आहे. ती नळी हातात घेऊन पालक घरभर फिरतात, तेव्हा बटणे, नाणी, पेनांची टोपणे, मोठ्या भावाच्या खेळण्यांची चाके ही सगळी त्यांना स्वतःलाच सापडतात. फुगा मात्र या नळीच्या चाचणीत सापडत नाही. फुटलेल्या फुग्याचा रबराचा तुकडा श्वासनलिकेवर अगदी घट्ट बसतो, म्हणून फुगे लहान मुलांच्या हाती देऊच नयेत. शेंगदाण्यासारखे कठीण दाणे चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊ नयेत आणि द्राक्षासारखी गोल फळे उभी चिरून चार फोडी करून द्यावीत.

बटणाच्या आकाराचे सेल हा धोका तर अजूनही फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. रिमोट, गाड्यांच्या किल्ल्या, गाणारी भेटकार्डे, चमकणारी खेळणी या सगळ्यांत ते असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या त्वचेतून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजते. ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढे करण्यापुरती वीज उरलेली असते. सुमारे २० मिलिमीटरचे लिथियम सेल सर्वांत धोकादायक. मुलाला त्या वेळी फक्त लाळ गळणे, खायला नको म्हणणे किंवा खोकला एवढेच होऊ शकते. संशय आला तरी ताबडतोब क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि उलटी करवू नये. मूल एक वर्षावरील असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून १२ तासांहून कमी वेळ झाला असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर मध, असे जास्तीत जास्त सहा वेळा देण्याची शिफारस आहे. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. घरात करायची कृती मात्र दोन मिनिटांची असते: ज्यांच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही अशा सगळ्या वस्तू आजच वर, कुलपात.

विषबाधेबद्दल एकच ठळक गोष्ट मांडतो. बहुतेक घरांत औषधांचे कपाट नीट असते. विषबाधा होते ती वापरात असलेल्या बाटलीमुळे, म्हणजे आजीच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या, पाहुण्यांच्या पिशवीतील डबी, आणि सफाईचे द्रव किंवा रॉकेल भरून ठेवलेली पेयाची रिकामी बाटली. पेयाच्या बाटलीत कोणतेही रसायन ओतायचे नाही, हा नियम मी प्रत्येक बैठकीत सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. मुलाने असे काही प्यायलेच, तर उलटी करवू नये. रॉकेलासारखा द्रव उलटीबरोबर फुप्फुसात शिरतो, आणि दाहक रसायन वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये उलटी करवण्याचे औषध घरात ठेवण्याचा स्वतःचाच जुना सल्ला मागे घेतला होता, हे मी शंका घेणाऱ्या आजोबांना आवर्जून सांगतो.

बैठक कशी घ्यावी, याबद्दल माझी पद्धत लिहितो. दहाहून अधिक पालक नसावेत. सुरुवात माझ्या बोलण्याने होत नाही. ‘गेल्या महिन्यात आपल्या मुलाला थोडक्यात वाचल्याचा एखादा प्रसंग आला का?’ या प्रश्नाने होते. दुखापत झाली का असे विचारले की लोक गप्प बसतात, पण वाचल्याचा प्रसंग सगळे सांगतात, आणि त्या प्रसंगांतच त्या घरांचे धोके असतात. मग सगळ्यांना गुडघ्यांवर बसायला सांगून मुलाच्या उंचीवरून खोली पाहायला लावतो. टेबलाची कड, लोंबणारी तार, पडद्याची दोरी, खालच्या कप्प्यातील बाटली हे सगळे उभ्या माणसाला दिसत नाही. त्यानंतर प्रत्येक पालकाने स्वतःच्या घरातील एकच बदल निवडायचा, आणि तो कोण, कधी, कशाने करणार हे सांगायचे. ‘कपाटाला कडी लावीन’ हे मी पुरेसे मानत नाही. ‘रविवारी सकाळी नवऱ्याला सांगून खालच्या कपाटाला कडी लावून घेईन’ हे पुरेसे आहे. शक्य असेल तर ती कडी तिथेच हातात द्यावी आणि एका फळीवर बसवून पाहायला लावावी. घरातील सुरक्षिततेच्या शिक्षणावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतलेला आहे, आणि त्यातून शिक्षणामुळे, विशेषतः त्याबरोबर साधनेही पुरवली तर, घरातील सुरक्षित व्यवस्था वाढतात असे दिसते. प्रत्यक्ष दुखापती किती कमी होतात याचा पुरावा मात्र त्यामानाने कमकुवत आहे. म्हणून नुसत्या बोलण्यावर भिस्त ठेवू नये.

शेवटी पालकांकडून समजलेले उलट सांगून घ्यावे. ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसे सांगाल, मला सांगून दाखवा’ असे म्हटले की काय समजले आणि काय राहिले ते दोन मिनिटांत कळते. आणि सासूबाई हा केवळ उदाहरणाचा भाग नाही. मूल दिवसाच्या कोणत्या तासात कोणाकडे असते, याचा तक्ता प्रत्येक कुटुंबाकडून करून घ्यावा. आईने ऐकलेले सगळे ज्या माणसाच्या हाती दुपारी मूल असते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही, हे बहुतेक वेळा त्या तक्त्यावरून उघड होते. पुढच्या बैठकीला त्या माणसाला बोलवावे.

मुलालाच नियम शिकवून निश्चिंत होणारे पालकही बरेच असतात. तीन वर्षांचे मूल ‘चुलीला हात लावायचा नाही’ हे वाक्य न चुकता म्हणून दाखवते, आणि आईवडिलांना वाटते की काम झाले. नियम म्हणता येणे आणि मोहाच्या क्षणी स्वतःला आवरता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि दुसरी फार हळू येते. रस्त्याचेही तसेच: येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालणे आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही भरवशाने जमत नाही, म्हणून तोपर्यंत रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाने हात धरणे हाच उपाय आहे. मुलाला जरूर शिकवावे. पण त्या शिकवण्यावर त्याचा जीव अवलंबून ठेवू नये.

प्रथमोपचार प्रत्येक बैठकीत थोडा तरी हाताने करून घ्यावा. भाजल्यावर २० मिनिटे वाहते, साधे थंड पाणी, बर्फ नाही, आणि कोणताही लेप नाही. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केले तरी त्याचा उपयोग होतो. एक वर्षाखालील बाळाच्या घशात काही अडकले आणि त्याला खोकता किंवा रडता येत नसेल, तर त्याला पालथे, डोके खाली करून हातावर घेऊन दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब, असे आळीपाळीने करत मदत बोलवावी; वस्तू दिसत नसताना बोट घालून शोधू नये, कारण ती आणखी आत जाते. हे बाहुलीवर प्रत्येकाने स्वतः करावे. पाहिलेले विसरते, केलेले हाताला आठवते.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा समजली. सुरुवातीच्या वर्षांत गरम पाण्याने भाजलेल्या एका मुलाच्या आईला मी सगळ्यांदेखत विचारले होते, ‘तुमचे लक्ष कुठे होते?’ ती काही बोलली नाही. मुलाच्या जखमा बऱ्या झाल्या, पण ती पुढच्या तपासण्यांना आली नाही, आणि तिच्या धाकट्या मुलाच्या लशीही राहून गेल्या, हे मला वर्षभराने दुसऱ्या कोणाकडून कळले. त्या एका वाक्याची खंत मला आजही आहे. दुखापत होऊन आलेले पालक शिकायला सर्वांत तयार असतात, पण फक्त तेव्हाच, जेव्हा त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नसते. आता मी विचारतो, ‘पाणी कुठे होते, आणि मूल तिथपर्यंत कसे पोहोचले?’ या प्रश्नाला उत्तर असते, आणि त्या उत्तरातूनच बदलायची वस्तू समोर येते. भयंकर छायाचित्रे दाखवण्याचा मोहही मी सोडला आहे. भीती वाटली आणि करायचे काय ते हाती लागले नाही, तर माणूस तो विषयच मनातून काढून टाकतो.

बैठक संपल्यावर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी फोन करावा, आणि शक्य असेल तिथे भेट द्यावी. दुखापती मोजून आपले यश ठरवू नये; एका गटात त्या सुदैवाने इतक्या थोड्या असतात की त्यांवरून काही समजत नाही. किती कड्या बसल्या, किती भांडी पालथी झाली, किती औषधे कुलपात गेली हे मोजावे. कडी बसली नसेल तर ‘का नाही बसवली’ असे न विचारता ‘कशामुळे अडले’ असे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. काही अडचणी आपल्याला लगेच सोडवता येतात: छिद्र पाडायचे यंत्र नसणे, घरातील मोठ्यांचा विरोध, विसर. काही मात्र त्या कुटुंबाच्या हातातल्या नसतात. भाड्याच्या घरात खिडकीला गज लावायला मालक परवानगी देत नाही, किंवा जिन्याच्या कठड्याच्या गजांमधील अंतर १० सेंटीमीटरहून जास्त आहे आणि लहान मुलाचे शरीर त्यातून निसटू शकते, हे त्या आईला समजलेले असूनही तिला काही करता येत नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने १९७२ मध्ये खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांसाठी मोहीम सुरू केली, तेव्हा पालकांशी बोलण्याबरोबर त्यांनी खिडकीचे संरक्षक गज मोफत दिले, ब्रॉंक्स भागात अशा पडण्याच्या घटना दोन वर्षांत निम्म्यावर आल्या, आणि १९७६ मध्ये लहान मुले राहत असलेल्या घरांना गज बसवणे इमारतीच्या मालकावर बंधनकारक करण्यात आले. आपल्या नोंदींमध्ये एकाच इमारतीचा कठडा तीन कुटुंबांनी सांगितला असेल, तर चौथ्या बैठकीत त्या तीन आयांना पुन्हा जिन्याचे धोके समजावू नयेत. ती नोंद घेऊन इमारतीच्या मालकाकडे आणि तिथल्या प्रशासनाकडे आपणच जावे. त्यांच्या दारात एकट्या आईपेक्षा आपले म्हणणे लवकर ऐकले जाते.